विकलेल्या लेकरांची मोजणी

मथुरा आपल्या पोराला कधी आपलं म्हणाली नाही. तो तिच्याच चुलीपाशी जेवे, तिच्याच गोधडीत निजे, ताप आला तर तिच्याच मांडीवर तळमळे, पण कुणी विचारलं, "हे पोट्टं कोणाचं वो?" तर हातातलं काम न थांबवता ती सांगे, "गयाबाईचं." पोरगाही तिला मावशी म्हणे. शेजारच्या झोपडीतली म्हातारी गयाबाई ही त्याची माय.

यात लपवाछपवी नव्हती. भिलाईतल्या खुर्सीपारच्या त्या गल्लीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मथुराची पहिली तीन लेकरं गेली होती. दोन मुलगे गावाकडं, वैनगंगेच्या काठी; तिसरी मुलगी इथं आल्यावर, कारखान्याच्या खोदकामाच्या दिवसांत, जेव्हा पायासाठी खणलेल्या खड्ड्यांतलंच पाणी माणसं लुगड्याच्या पदरानं गाळून पीत होती. चौथा जन्मला तेव्हा सुईणीनं नाळ कापली आणि गयाबाईला हाक मारली. गयाबाईची सगळी लेकरं जगलेली, आपापल्या संसाराला लागलेली. अशाच बाईचा हात लागतो. तिनं पोराला सुपात घातलं, उंबऱ्याबाहेर नेलं आणि परत वळून मथुराच्या पदरात पसाभर भाताचा कोंडा टाकला.

"घेतला," ती म्हणाली.

"देल्ला," मथुरा म्हणाली.

व्यवहार पुरा झाला. ज्या घरावर सटवीचा डोळा होता त्या घरात आता लेकरूच नव्हतं. ती नेईल कुणाला? पोराचं नाव कोंड्या पडलं. आसपासच्या छत्तीसगढी बाया असं पोर घेतात तेव्हा त्याला बिसाहू म्हणतात, म्हणजे विकत घेतलेला. नाव वेगळं, भीती तीच.

या व्यवहाराचा एक नियम होता आणि तो मोडायचा नव्हता. विकणारीनं ते पोर आपलं आहे असं तोंडानं कधी बोलायचं नाही. पोराच्या लग्नात, मांडवाखाली, ती त्याला परत घेते, तोवर नाही. आणि आधी गेलेल्यांचा उच्चारही करायचा नाही. सटवीला घर रिकामं दाखवायचं तर ते पुरतं रिकामं दाखवावं लागतं. जिथं जन्मच झाला नाही तिथं मरण कुठून येणार? म्हणून मथुराला चार बाळंतपणांपैकी एकही झालं नव्हतं. तिची ओटीपोटावरची कातडी तेवढी खरं जाणून होती.

कोंड्या चार वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात रत्नमाला खुर्सीपारला आली.

ती विद्यापीठातून आली होती. अंगानं किरकोळ, डोळ्याला चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट. दुर्गला मोहन नगरात तिनं एक खोली घेतली होती आणि रोज सकाळी बसनं ती भिलाईत उतरे. तिच्या प्रबंधाचा विषय होता कामगारांच्या मुलांचं जगणं-मरणं. कारखान्याच्या सेक्टरमधल्या पक्क्या क्वार्टरांत किती मुलं जन्मतात, किती जगतात. आणि झोपड्यांत किती. तिला एक बाई हवी होती, जी मराठी आणि छत्तीसगढी दोन्ही बोलेल, थोडं लिहील-वाचेल, आणि जिला पाहून बाया दार लावून घेणार नाहीत. मथुरा सातवी पास होती. तिचा नवरा देवाजी पोलादाच्या भट्टीवर हेल्पर होता. तिला काम मिळालं.

गयाबाईला हे सगळं चमत्कारिक वाटलं. दारात तंबाखू मळत ती म्हणाली, "पोट्टे मोजाले विद्यापीठ लागते का वो बाई? आमी सांजच्याले कोंबड्या मोजतो, तं रोज एक कमीच भरते."

"म्हणजे मोजायचं नाही?" रत्नमालानं हसून विचारलं.

"मोजा ना. कोंबडी कमी झाली तं मांजरीवर घालता येते. पोट्टा कमी झाला तं कोणावर घालसान?"

रत्नमाला हसायची थांबली, एवढंच. मथुराला ते आवडलं.

पहिला कागद सरावासाठी म्हणून मथुराच्याच अंगणात भरला गेला. नाव, नवऱ्याचं नाव, काम, पाणी कुठून आणता. मग रत्नमालानं विचारलं, "किती बाळंतपणं झाली?"

"एकबी नाई."

"गेलेलं मूल?"

"नाई."

कोंड्या त्या वेळी मथुराच्या पाठीला लोंबकळत होता. रत्नमालानं त्याच्याकडं पाहिलं. "आणि हा?"

"गयाबाईचा."

पेन कागदावर दोनदा खाली आलं आणि दोन शून्यं उमटली. मथुरा ती पाहत राहिली. बोलणं वेगळं. बोललेलं वाऱ्यावर जातं. पण त्या निळ्या शून्यात तिचे दोन मुलगे आणि एक मुलगी शांतपणे बुडून गेली, आणि वर बुडबुडाही आला नाही. तिनं डोळे वळवले. नियम नियम होता.

मग गल्ल्यांमागून गल्ल्या. रत्नमाला मन लावून काम करी. कुणाच्या तोंडात उत्तर घालत नसे, घाई करत नसे, काही शंका आली तर दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा उभी राही. भागीरथा नावाची एक रेजा होती, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी. तिच्या कडेवर पोरगी होती, अगदी तिच्याच नाकाची. भागीरथा म्हणाली, "मले लेकरू नाई बाई."

"ही?"

"शेवंताची."

शेवंता समोरच्याच झोपडीत राहत होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "होय, माझी. माझ्या पाचातली पाचवी. सगळे जिते आहेत." दुसऱ्या दिवशी रत्नमालानं दोघींना पुन्हा विचारलं. दोघींनी पुन्हा तेच सांगितलं. रत्नमालानं लिहिलं. मथुरा बाजूला उभी होती. भागीरथा खोटं बोलली असं तिच्या मनातही आलं नाही. पाहुण्यानं दारातून "बरं आहे ना?" विचारलं की आपण "बरं आहे" म्हणतो, तसं ते होतं. किंबहुना तिथं तोंड उघडणं म्हणजे भागीरथाच्या पोरीवर दगड उचलणं. मथुरा दगड उचलणाऱ्यांतली नव्हती.

अशा किती भागीरथा त्या हिवाळ्यात भेटल्या याचा हिशेब मथुरानं ठेवला नाही. उन्हाळा आला. लाल धूळ झोपड्यांच्या कुडांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पाण्याच्या हंड्यांवर बसत राहिली. एका संध्याकाळी रत्नमाला आली ती नेहमीच्या थकव्यानं नाही. मथुरा सुपात तांदूळ निवडत होती. रत्नमाला तिच्याजवळ जमिनीवरच बसली.

"मथुरा, बेरजा झाल्या. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर निघेल. तसं नाही. झोपड्यांतली मुलं क्वार्टरांतल्यांपेक्षा जास्त मरत नाहीत. उलट थोडी कमीच."

मथुराचे हात चालत राहिले.

"फक्त एक आहे. इथं मूल न झालेल्या बायका फार आहेत. ओझी वाहून होत असेल का? विद्यापीठातले माझे सर म्हणाले, हा तर नवाच निष्कर्ष आहे. फार खूश आहेत. पावसाळ्याच्या आत प्रबंध द्यायचा, आणि एक लेखही छापायचा."

"छापून काय होते बाई?"

"लोक वाचतात. ज्यांना ठरवायचं असतं ते वाचतात. पाण्याचे नळ आधी कुठं टाकायचे, सुईणी कुठं नेमायच्या. इथं मुलं मरत नसतील तर मग इथली घाई नाही, असं ठरेल. एका अर्थी चांगलीच गोष्ट आहे ना?"

मथुराचे हात थांबले. सुपातला एक खडा तिनं बोटांत धरला होता, तो टाकायचं तिला सुचलं नाही. तिला ती मुलगी आठवली. नाव घ्यायचं नाही म्हणून चार वर्षांत तिनं मनातही नाव घेतलं नव्हतं. ते आता आतून वर आलं. खड्ड्यातलं पाणी. दोन दिवसांची हगवण. बोटं आधी थंड झाली होती, मग पावलं. आणि ही समोर बसलेली भली बाई सांगत होती की खुर्सीपारला मुलं मरत नाहीत. ती खोटं सांगत नव्हती. मथुरानंच तिला ते दारोदार फिरवून गोळा करून दिलं होतं.

त्या संध्याकाळी देवाजी पाळीवरून आला. हातपाय धुऊन भाकरीला बसला आणि भट्टीवरच्या गोष्टी सांगू लागला, तसा तो रोजच सांगे. आज रशियन साहेब तापला होता. भट्टीतून पळीनं नमुना काढून तपासायला पाठवला, तो बरोबर आला नाही.

"मंग?" मथुरानं विचारलं.

"मंग काय? माल पुढं जाऊ देत नाईत. दुरुस्त करा लागते, नाई जमलं तं अख्खा परत वितळवा. सगळ्यायले शिव्या."

"पण दिसाले तं चांगलाच असते ना?"

"दिसाले सोन्यावानी. पण त्याचा रूळ केला अन् त्याच्यावरून गाडी गेली, का..." त्यानं भाकरीचा तुकडा मोडून दाखवला.

मग मथुरानं त्याला सांगितलं. कोंड्या झोपला आहे हे पाहून, हळू आवाजात, बाईंच्या बेरजेचं सगळं सांगितलं. देवाजीचा घास हातात राहिला.

"तू काई बोलू नको," तो म्हणाला.

"अजी, पण ते छापून राहिले. इथं नळ नाई येणार."

"नाई येऊ दे. पोलाद अन् पोट्टा एक नाई वो. पोलाद परत वितळवता येते."

त्यानं हात धुतले आणि तो बाहेर जाऊन बसला. कारखान्याच्या बाजूला आकाश लाल झालं होतं. भट्टीतली तापलेली मळी ओतली की ते तसं होई. त्या उजेडात त्याची पाठ दिसत होती आणि ती पाठ तिला नाही म्हणत होती.

मथुरानं काही दिवस काढले. ते कसे काढले ते तिनं पुढंही कुणाला सांगितलं नाही. कोंड्या शिंकला की ती त्याचं कपाळ चाचपे, तिनं अजून काही केलं नव्हतं तरी. एकदा तिला वाटलं, बाईंना पत्ता बदलून सांगावं, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून सांगावं. पण दुसऱ्या कुणाची म्हणजे भागीरथाची. कुणाचं तरी पोर त्यात उघडं पडणारच होतं. शेवटी तिनं कोंड्याला गयाबाईकडं सोडलं, बस पकडली आणि ती मोहन नगरला गेली.

रत्नमालाच्या खोलीत टेबलावर टाइप केलेल्या कागदांच्या थप्प्या होत्या. तिनं खुर्ची पुढं केली. मथुरा बसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"बाई, कोंड्या माझा आहे."

रत्नमालाला आधी कळलंच नाही.

"माझ्या पोटचा. त्याच्या आधी तीन झाले. ते गेले. म्हणून याले मी विकला. भागीरथाची पोट्टी भागीरथाचीच आहे, पण तुमी तिले..." ती थांबली. भागीरथाचं नाव तिच्या तोंडून गेलं होतं. तिनं ओठांवर हात ठेवला. "ते लिहू नका. माझंच लिहा. फक्त माझं."

रत्नमाला हळूहळू खाली बसली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अशी किती घरं आहेत?"

"जिथं जिथं तुमी 'नाई' लिहिलं, त्यातली लय."

"आणि ज्यांच्याकडं विकतात..."

"त्यायचे सगळे जगलेले असतात. म्हणून तं त्यायले विकतात."

रत्नमालाच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. मेलेली मुलं कागदावरून पुसली गेली होती, आणि जिवंत मुलं ज्यांची आधीच जिवंत होती त्यांच्याकडं जमा झाली होती. ती एकदम उठली. "तू रोज माझ्याबरोबर होतीस! प्रत्येक दारात! तेव्हा का नाही बोललीस?"

"मी खोटं नाई बोलली बाई. विकलेलं आपलं म्हणाचं नसते."

"मग आज का बोललीस?"

"माझी पोरगी खड्ड्याच्या पाण्यानं गेली," ती म्हणाली. "तुमचं पुस्तक म्हणते का इथं कोणी जात नाई."

खोलीत पंखा नव्हता. बाहेर कुणीतरी बादली आपटली. रत्नमाला टेबलाजवळ गेली आणि तिनं वरचा कागद उचलला, वाचला, परत पालथा ठेवला.

त्याच आठवड्यात ती सरांना भेटून आली. काय झालं ते तिनं मथुराला सांगितलं, कारण सांगायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. सर म्हणाले, एवढ्या मोठ्या कामात थोडं मागंपुढं असायचंच. तळटीप टाका आणि द्या. पुढचा अभ्यासक ते तपासून पाहील.

"पुढचा अभ्यासक तपासत नाही मथुरा. तो माझा आकडा उचलतो आणि त्याच्यावर आपला रचतो. त्याच्यावर तिसरा. आमच्याकडं प्रबंधावर प्रबंध उभे आहेत, सगळ्यात खालचा कुणी हलवून बघत नाही. मीही बघितला नव्हता. मी प्रबंध मागं घेतला. पुन्हा करणार. सरांनी मुदतवाढीवर सही केली, पण माझ्याकडं पाहिलं नाही."

"आता तुमी काय करसान?"

"तू सांग, कुठल्या कुठल्या घरी..."

"नाई." मथुराचा आवाज चढला. "दुसरीचं लेकरू मी नाई उघडं करणार. माझं केलं, ते मी भोगीन."

भोगणं तर सुरू झालंच होतं. मोहन नगरहून आल्या दिवशीच तिनं गयाबाईला सांगितलं होतं. न सांगून चाललं नसतं. पोर गयाबाईचं होतं. गयाबाई चुलीत लाकूड सारत होती. ती तशीच ओणवी राहिली.

"तोंडानं बोलली? माझा आहे म्हणून?"

"होय."

"अन् गेलेले?"

"तेबी."

गयाबाईनं मथुराला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती मटकन खाली बसली. "तुले अक्कल आहे का वो? चार वर्षं मी त्या सटवीच्या डोळ्यात धूळ टाकून राहिली. रोज सांजच्याले त्याच्या तोंडात पहिला घास माझ्या हातचा. अन् तू जाऊन सांगून आली, घ्या, इथं आहे!" मग तिचा आवाज खाली आला. "आता तो माझा नाई राहिला. तुझा झाला. तुझ्या घरी तुझा पोट्टा एक रातबी ठेवाचा नाई."

दुर्गजवळच्या बोरसीला गयाबाईची नणंद होती, तुळसाबाई. नवऱ्याची थोडी शेती, दोन म्हशी, आणि घरात सहा मुलं, एकाच्याही कपाळी आजवर काही आलं नव्हतं. कोंड्याला तिथं नव्यानं विकायचं. पण या खेपेला नुसतं नावाला नाही. मोडलेला सौदा पुन्हा करायचा तर सटवीची वाट पार चुकवावी लागते. पोर तिथंच राहील, तिथंच जेवेल, त्याचे दुधाचे दात पडेपर्यंत. मथुरानं त्या घरी त्याच्यासाठी म्हणून पाय ठेवायचा नाही.

देवाजीनं सगळं ऐकून घेतलं. त्यानं पोराची दोन कुडती एका फडक्यात बांधली. मग मथुराकडं न पाहता म्हणाला, "तीन मेलेल्यायसाठी एक जिता देल्ला तू."

"त्यायच्यासाठी नाई."

"मंग कोणासाठी?"

पुढं जन्मणाऱ्या, अजून कुणाचीच नसलेल्या पोरांसाठी म्हणावं, तर ते मोठं वाटलं असतं आणि देवाजीच्या चेहऱ्यापुढं लहान. तिनं फडक्याची गाठ पुन्हा आवळली. दिवस मावळायच्या आत गयाबाई कोंड्याचा हात धरून बोरसीकडं निघाली. त्याला म्हशी पाहायच्या होत्या, म्हणून तो उड्या मारत गेला.

रत्नमालाला हे चार दिवसांनी कळलं. ती तडक गयाबाईच्या दारात आली.

"या," गयाबाई म्हणाली. "मोजून झालं? अजून कोणाचं घर रिकामं कराचं बाकी आहे?"

रत्नमाला उभीच राहिली. हा अडाणीपणा आहे असं ती म्हणाली असती तर गयाबाईनं तिला हाकलून दिलं असतं, आणि तसं ती म्हणेल अशी मथुराला भीती होती. पण रत्नमालानं खाली मान घालून ते ऐकून घेतलं. नंतर तिनं एक प्रश्न विचारला, आणि तो विचारताना ती खरंच विचारत होती.

"गयाबाई, विकणारीनं बोलायचं नसतं. घेणारीनं बोललं तर चालतं?"

गयाबाईनं तंबाखूची चिमूट ओठाशी नेता नेता थांबवली. "घेणारीले काय भेव? तिच्या घरावर डोळा नसते. ती तं गावभर सांगते, मी घेतला म्हणून, अन् जगवला म्हणून."

"कुणाकडून घेतला, त्या घरी आधी किती गेले, हेही?"

"ते सांगाच लागते. नाई तं घेतला कावून ते कसं समजन?"

मथुरा शेजारी आपल्या दाराआड उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले. इतकं साधं होतं ते. चार दिवस आधी कुणी हे विचारलं असतं तर तिला तोंड उघडावंच लागलं नसतं. पण तिनं तोंड उघडलं नसतं तर हे कुणी विचारलंही नसतं. ही गाठ तिला पुढं कधी सुटली नाही.

पावसाळ्यानंतर दोघी पुन्हा गल्ल्यांत उतरल्या. या वेळी "तुम्हाला मुलं किती" या प्रश्नापाशी रत्नमाला थांबत नसे. ती पुढं विचारी, "तुमी कोणाचं लेकरू विकत घेतलं का?" आणि जिनं घेतलं होतं ती बाई पदर सावरून, थोडी ताठ होऊन बसे. शेवंता म्हणाली, "घेतलं ना! भागीरथाचं. तिचे दोन गेले होते, दोन्ही याच पाण्यानं. माझ्या हाताले यश आहे, लिहा." तिच्या अंगणात बसलेली भागीरथा जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे अशी लेकीची वेणी घालत राहिली. तिचं तोंड बंद होतं, नियम शाबूत होता, आणि तिची दोन लेकरं कागदावर आली होती.

अशी लेकरं येत राहिली. गावाकडं गेलेली, इथं गेलेली, तापानं, हगवणीनं, नुसतीच, कारण न सांगता. ज्या बायांना रत्नमालानं वांझ लिहिलं होतं त्या एकेक करून आया झाल्या. बेरजा उलटल्या. झोपड्यांतली मुलं क्वार्टरांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त मरत होती, आणि ज्या गल्ल्यांत पाणी खड्ड्यांचं, तिथं सगळ्यात जास्त. त्यात नवा निष्कर्ष असा काही नव्हता. खुर्सीपारच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, असं रत्नमाला एकदा म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नाही, विचारलं तेव्हा तर नाहीच सांगितलं." दोघी त्यावर थोडंसं हसल्या. त्या वर्षातलं मथुराचं ते एकच हसू.

घरात देवाजी तिच्याशी कामापुरतं बोले. कोंड्या बरा असल्याचं गयाबाईकडून कळे: त्यानं म्हशीचं शेपूट ओढलं, तो तुळसाबाईच्या धाकट्याशी भांडला, त्याला खरूज झाली, खरूज गेली. प्रत्येक बातमीआधी गयाबाई दारात जरा थांबे, आणि त्या थांबण्यात मथुरा दर वेळी एकदा मरून परत येई.

बोरसीचं घर रत्नमालानं शेवटी ठेवलं होतं. "तू येऊ नकोस. मी एकटी जाते," ती म्हणाली.

"तुळसाबाईची बोली तुमाले पुरी नाई समजणार," मथुरा म्हणाली. "मी कामासाठी येऊन राहिली. त्याच्यासाठी नाई."

तुळसाबाईच्या अंगणात धानाच्या पेंढ्या रचल्या होत्या. पोरं कुठं दिसत नव्हती. तळ्यावर म्हशी धुवायला गेली होती. मथुरानं विचारलं नाही, इकडंतिकडं पाहिलंही नाही. तिनं मांडीवर पाटी घेतली, पाटीवर कागद ठेवला. रत्नमाला प्रश्न विचारत गेली आणि ती लिहीत गेली.

"कोणाचं लेकरू घेतलं का?"

"घेतलं तं. मोठा खोडकर आहे. दोन वाट्या दूध पिते."

"त्याच्या आईला एकूण किती झाली?"

"चार. तीन गेले. दोन पोट्टे, एक पोट्टी." तुळसाबाईनं बोटं मुडपली आणि एक उभं ठेवलं. "हा चवथा."

"आहे?"

"आहे म्हणजे? आत्ता म्हशीवर बसून गेला!"

मथुरानं चार लिहिले. तीन लिहिले. पुढच्या रकान्यात एक लिहिला आणि त्याच्यापुढं, रकान्यात तशी जागा नव्हती तरी, "जिवंत" हा शब्द लिहिला.

"त्याच्या आईचं नाव?" रत्नमालानं विचारलं.

तुळसाबाईनं मथुराकडं पाहिलं. मथुरा कागदाकडं पाहत होती.

"मथुरा," तुळसाबाई म्हणाली. "देवाजीची. खुर्सीपार."

मथुरानं ते नाव लिहिलं, एखाद्या न पाहिलेल्या बाईचं लिहावं तसं, सावकाश, काना-मात्रा तपासत. मग तळ्याकडून पोरांचा गलका जवळ येऊ लागला तशी ती उठली. "बाई, चला," ती म्हणाली, आणि मागच्या कुंपणातून, शेताच्या बांधाबांधानं, रस्त्याकडं चालू लागली.